मोगल कुणी नेईना

दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर वरच्या खोलीत नवी खुर्ची बसणार, असं मुलीनं जेवताना जाहीर केलं आणि माझ्या फौजेचे दिवस भरले.

खुर्ची म्हणजे दात काढायची. मी बारामतीत दातांचा डॉक्टर आहे. मुलगीही तेच शिकून परत आली आणि खालच्या एकाच खुर्चीवर आम्ही बापलेक आळीपाळीनं काम करू लागलो. तिला स्वतःची खोली हवी होती, आणि मागणी अगदी रास्त होती. अडचण एवढीच, की वरच्या खोलीत सैन्य होतं. फळ्यांवर, जुन्या फ्रिजवर, खिडकीच्या कट्ट्यावर, पलंगाखाली, अवजारांच्या बाद झालेल्या ट्रेमध्ये, आणि सगळे हत्ती वॉशिंग मशीनच्या रिकाम्या खोक्यात. मावळे आणि मोगल, घोडदळ आणि पायदळ, तोफा, उंट, नगारेवाले. एकेक शिपाई मी स्वतः साच्यात ओतलेला आणि स्वतः रंगवलेला.

"पप्पा, खाली एक कपाट तुमचं," मुलगी म्हणाली. "त्यात मावतील तेवढे ठेवा. बाकीच्यांचं काय ते बघा."

"बघतो की," मी म्हणालो. मला आयुष्यात निर्णय घ्यायला कधी वेळ लागलेला नाही. बायकोनं नुसतंच माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढली.

लोक विचारतात, हा नाद लागला कसा. नाद बिद काही नाही, ही काटकसर आहे. कवळी करायची तर आधी पेशंटच्या जबड्याचा ठसा घ्यावा लागतो आणि त्यात स्टोन ओतावा लागतो. स्टोन म्हणजे आमच्या धंद्यातलं प्लास्टर, पिवळसर, साध्या प्लास्टरपेक्षा टणक. रबराच्या वाटीत ते कालवलं की थोडं तरी उरतंच, आणि दोन मिनिटांत घट्ट होऊन जातं. ते फेकून देणं माझ्या जिवावर यायचं. म्हणून मी शेजारी शिपायांचे साचे मांडून ठेवू लागलो. उरलं की ओत. बारामतीकरांचे दात पडत गेले तशी माझी फौज वाढत गेली. एखाद्या पेशंटला मी सांगायचो सुद्धा, काका, तुमच्या खालच्या जबड्यातनं दोन भालाईत निघाले. काका घाबरून तोंड मिटायचे.

पण नुसती मांडून ठेवायला मी ती फौज केली नव्हती. लढायला केली होती. आणि लढाईला समोर माणूस लागतो. तो माणूस म्हणजे इंदापूरकडचे आबा.

आबांची पेरूची बाग आहे. कधीकाळी ते अक्कलदाढ ठणकतेय म्हणून आले, थांबायच्या बाकावर बसले आणि कपाटावर ठेवलेला एक तोफखाना बघत राहिले. दाढ काढून झाल्यावर गालात कापूस तसाच ठेवून त्यांनी बोटानं विचारलं, हे काय. मी त्यांना वर नेलं. त्या दिवशी खाली पेशंट ताटकळले. पुढच्या अमावास्येला आबा पुन्हा आले, दाताचं काहीही कारण नसताना. अमावास्येला त्यांच्याकडे रानातलं काम बंद असतं, तेव्हा तोच आमचा लढाईचा दिवस ठरला. बायको म्हणायची, बाकीचे लोक अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधतात, तुम्ही फौजा मांडता.

नियम आम्हीच केले. फासा टाकायचा, जितके पडतील तितकी बोटं शिपाई पुढे सरकवायचा. आबांचं बोट माझ्या दीड बोटाएवढं, त्यावरून पहिली काही वर्षं भांडणात गेली. महाराजांची मूर्ती मात्र टेबलावर कधीच येणार नाही, ती वरच्या फळीवर. फाशाच्या दानानं महाराजांचं काही ठरावं हे दोघांनाही मान्य नव्हतं.

आणि मोगल नेहमी आबाच. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मावळ्यांच्या बाजूला जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी मोगलांची बाजू जवळ ओढली आणि म्हणाले, "असू द्या. कुणीतरी व्हायलाच पायजे की. आमी पगारी माणसं." दोन्हीकडच्या फौजांत त्या काळी सगळ्या जातिधर्माची माणसं होती हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण मराठी माणसाला विचारा, खेळात मोगल कोण होणार? शाळेच्या मैदानापासून तेच भांडण. आबा न भांडता झाले, आणि बऱ्याचदा जिंकलेसुद्धा. जिंकले की ओरडायचे नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "तह करू, डॉक्टर."

गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. शेवटचे आले होते तेव्हा एक घोडेस्वार पुढे सरकवताना त्यांच्या मनगटानं आख्खी रांग आडवी झाली. ते हसले. मीही हसलो. नंतरच्या अमावास्येला फवारणी निघाली, त्याच्या पुढच्या वेळी पाहुणे, मग छाटणी. अमावास्येला रानात काम न करणारा माणूस मला फवारणीचं कारण सांगत होता, आणि मी फोनवर "बरं बरं" म्हणत होतो.

म्हणून मुलीनं खोली मागितली तेव्हा मला जागेची चिंता नव्हती. आबा परत खेळायला येतात की नाही, मला एवढंच कळायचं होतं. खोली गेली, फौज गेली, की त्यांना न येण्याचं कायमचं कारण मिळणार होतं. ते मी त्यांना मिळू देणार नव्हतो.

माझा बेत पक्का होता. माझ्याकडे दोन मापांचे शिपाई होते. सुरुवातीच्या काळातले मोठे, मुठीत भरतील असे, खाली जाड चौथरा. दिवाळीच्या बाजारात किल्ल्यासाठी मातीचे मावळे मिळतात, त्यांच्यावरून मी पहिले साचे घेतले होते. मोगल बाजारात कुणी विकतच नाही. म्हणून मी त्याच साच्यातून मावळा काढायचो आणि वर ओला स्टोन चढवून त्याची पगडी बदलून, दाढी लांबवून त्याला मोगल करायचो. तोंडावळा दोघांचा एकच. पुढे माझा हात बसला आणि मी करंगळीच्या दोन पेरांएवढे बारीक शिपाई करू लागलो; अलीकडच्या लढाया त्यांच्याच. त्यांच्या म्यानावरची नक्षी भिंगातून दिसते. प्रमाणाच्या बाबतीत मी फार कडक आहे. घोडा माणसाच्या मापात, तोफ घोड्याच्या मापात, आणि दोन मापं एका टेबलावर कधीच नाहीत. तेव्हा कपाटात राहणार बारीक. मोठे सगळे जाणार. बारीक आणि देखणे पाहून आबांना राहवणार नाही, हा माझा हिशेब.

मोठ्यांसाठी जागा समोरच होती. दिवाळी तोंडावर आलेली, घरोघरी पोरं चिखल आणून किल्ले करणार. मी दवाखान्याबाहेर पाटी लावली: किल्ल्यासाठी मावळे फुकट. रविवारी सकाळी दार उघडलं तर रांग. पणदऱ्याची माणसं, कोऱ्हाळ्याची, एक काका सुप्याहून नातवंडांना मोटारसायकलवर पुढेमागे बसवून आलेले. एकानं तर घमेलं आणलं होतं. बायको म्हणाली, "कवळ्या फुकट दिल्या असत्या तरी एवढी गर्दी झाली नसती." दुपारच्या जेवणाआधी मोठे मावळे संपले.

मोगल जसेच्या तसे.

मी आधी हाक मारून पाहिलं. मग एका मावळ्यावर एक मोगल असं लावून पाहिलं. लोक मावळा घ्यायचे आणि मोगल हळूच पायरीवर ठेवून जायचे. पणदऱ्याच्या एका मुलीला मी अडवलं आणि म्हणालो, "अगं, तुझे मावळे लढणार कुणाशी?"

तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "लढत न्हाईत. ते किल्ला राखत्यात."

तिचे वडील मध्ये पडले. "डॉक्टर, बरोबर हाय हो तुमचं, पण दिवाळीचं दारात मोगल कशाला बसवायचा?"

मला राग आला. रंगवताना मी मोगलांवर कमी मेहनत घेतली नव्हती, उलट त्यांच्या कपड्यांवर जास्तच. पण मुद्दा बिनतोड होता. माझ्या स्वतःच्या लहानपणीच्या किल्ल्यावर तरी कुठं होता मोगल? पन्नाशी उलटलेला, शिकलेला माणूस मी, आणि हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. संध्याकाळी खोलीत मोठ्यांपैकी शत्रू तेवढा उरला होता, तोही सगळा.

मुलगी दारात उभी राहून हसत होती. "पप्पा, स्वराज्य वाटून टाकलंत."

रात्री जेवताना मला कल्पना सुचली आणि ती मला स्वतःलाच इतकी आवडली की मी पोळी खाली ठेवली. आबांचा कालव्याकडचा खालचा तुकडा पाणी देऊन देऊन चोपण झाला आहे. वरती मिठाचा पांढरा थर येतो आणि पीक धरत नाही. त्यावर ते जिप्सम टाकतात. आणि आमचा स्टोन म्हणजे शेवटी काय? जिप्समच. मोगल कुटायचे आणि आबांच्या रानात घालायचे. खोली मोकळी, जमीन सुधारली, आणि फराळाच्या निमित्तानं जाणं झालं. बारीक शिपायांची पेटी बरोबर न्यायची, आबांच्या पुढ्यात उघडायची आणि अमावास्या ठरवून यायचं.

दुसऱ्या दिवशी मोगल पोत्यांत भरले, गाडीच्या डिकीत टाकले आणि निघालो. कारखाने सुरू झालेले, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. मी शीळ घालत होतो.

आबा शेडमध्ये होते. पेरू निवडायच्या लांब टेबलापाशी खुर्ची टाकून बसले होते, कॅरेट भरायचं काम गडी करत होते आणि हे नुसतं बघत होते. मला पाहून उठले. वहिनींनी चहा आणला. मी फराळाचा डबा दिला, इकडचं तिकडचं बोललो, आणि पेटी उघडली. कापसावर ओळीनं झोपवलेले बारीक शिपाई, एकेक पारखून घेतलेला.

आबा पेटीवर वाकले. "काय काम केलंय," ते म्हणाले. मग त्यांनी हात घातला. एक भालाईत दोन बोटांत धरला, उचलला, आणि तो त्यांच्या बोटांत नाचू लागला. त्यांनी डाव्या हातानं उजवा धरला, तरी थांबेना. भाला पेटीच्या कडेवर आपटला आणि मोडला.

त्यांनी तो शिपाई फार जपून परत कापसावर ठेवला.

"न्हाय डॉक्टर. हे आता माझ्याच्यानं न्हाय व्हायचं." मग पेरूंच्या कॅरेटकडे बघत म्हणाले, "तुमी दुसरं कुणीतरी बघा."

"दुसरं कुणी बघायला ही काय सोयरीक आहे?" मी चिडून बोललो. खरं म्हणजे मला रडू येईल असं वाटलं, आणि तसं वाटलं की माझा आवाज चढतो. "आबा, माणूस शोधून का खेळ मांडतात? मला बारामतीत खेळणारा मिळणार नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"मिळंल की. तेच म्हणतुय मी."

  मी पेटी बंद केली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "डिकीत पोती आहेत. जिप्सम आणलंय तुमच्या खालच्या तुकड्याला."

"जिप्सम? दवाखान्यातनं?"

गड्यानं पोतं आणून टेबलाशेजारी टाकलं. आबांनी तोंड सोडलं, आत हात घातला आणि एक मोठा मोगल बाहेर काढला. लाल पायजमा, हिरवा शेला, ओल्या स्टोनची ओढून लांब केलेली दाढी. त्यांनी दुसरा काढला. तिसरा. मग माझ्याकडे वळले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं.

"ही माझी माणसं हायत."

"आबा, पोरांनी मावळे नेले. हे कुणी नेईना. म्हटलं तुमच्या रानात..."

"कुटून वावरात घालायला आणली व्हय तुमी माझी फौज? इतकी वरीसं माझ्या संगं लढली ही. तुमच्या घोडदळाला खिंडीत कुणी गाठलं? ह्यानं." त्यांनी मूठ वर केली. मुठीत लाल पायजमेवाला होता. "आणि तुमी ह्याचं खत करणार?"

 ते मला बोलत होते आणि बोलता बोलता पोत्यातून एकेक शिपाई काढून टेबलावर ठेवत होते. हात थरथरतच होता. पण मोठा शिपाई आख्ख्या मुठीत बसत होता, आणि खाली टेकला की जाड चौथऱ्यावर डुगडुगत का होईना उभा राहत होता. एकही पडला नाही. आधी ते माझ्या लक्षात आलं, मग त्यांच्या. ते बोलायचे थांबले. गड्याला म्हणाले, "ते पेरू बाजूला घे. दुसरं पोतं आण."

टेबलाच्या एका टोकाला मोगलांची छावणी उभी राहिली.

"मावळं कुठं हायत?" आबांनी विचारलं.

"किल्ल्यांवर. पणदऱ्यापासून सुप्यापर्यंत."

"मग मी लढू कुणासंगं?"

माझी नजर पेटीकडे गेली, आणि त्यांचीही. मी म्हणालो, "आबा, ते मापात नाहीत. तुमचा शिपाई माझ्या घोडेस्वाराच्या दुप्पट होतोय. प्रमाण म्हणून काही..."

"कसलं परमाण? दिवाळीच्या किल्ल्यावर शिपाई दरवाज्यापेक्षा मोठा असतुय, कुणी काय म्हणतं का? मांडा."

मी मांडले. बारीक मोगल पेटीतच राहिले. एका शाळेतले इतिहासाचे गुरुजी काचेच्या कपाटासाठी ते मागत होते, त्यांना ते देऊन टाकायचं मी तिथल्या तिथे ठरवलं. माझे बारीक मावळे पेरूच्या दोन कॅरेटांच्या डोंगराआड उभे केले. समोर राक्षसांसारखे मोगल. डोळ्यांना इतकं विचित्र दिसत होतं की मला भिंग फेकून द्यावंसं वाटलं. वहिनी बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसत आत गेल्या.

पहिलं दान आबांचं. त्यांनी आपला लाल पायजमेवाला उचलला, पुढे नेला, टेकवला. हात मागे घेताना मनगट माझ्या रांगेला लागलं आणि डोंगराच्या कडेचे सहा-सात मावळे एकदम आडवे झाले.

 आबांनी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं झाकला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "म्हणून म्हणत हुतो."

"राहू कसं द्या?" मी म्हणालो. "पडला तो मेला." आणि मी माझे सहा-सात मावळे उचलून टेबलाखाली ठेवले.

"काय?"

"आजपासूनचा नियम. हात लागून पडला तो मेला. तोफगोळा लागला असं धरायचं."

 "दया करताय व्हय, डॉक्टर?"

"दया? माझी कड्यावरची चौकी गेली आणि दया मी करतोय? नियम दोघांना आहे. माझा हात लागून तुमचे पडले तर तेही मेले."

"तुमचा हात कुठं लागतुय! दातांचं डॉक्टर तुमी. तुमचा हात दगडावाणी."

"तेच तर रडगाणं आहे माझं," मी म्हणालो. "आणि लागला तरी तुमच्या त्या पैलवानांचे चौथरे हलतात कुठं? मी मारा करू कसा?"

आबांनी टेबलाकडे पाहिलं. माझे बारीक, वरून जड, हवेनं पडतील असे देखणे शिपाई. त्यांचे जाड बुडाचे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, हिशेबी छटा आली, जिला मी इतकी वर्षं घाबरत आलो होतो. पुढचं दान पडलं तेव्हा त्यांना सरळ जायचा रस्ता मोकळा होता. पण त्यांनी आपला शिपाई लांबच्या वाटेनं, माझ्या घोडदळाच्या डोक्यावरून नेला.

मी त्या दिवशी असा हरलो की तसा कधी हरलो नव्हतो. भिंगाखाली वर्षानुवर्षं रंगवलेली माणसं पेरूंमध्ये पालथी पडत होती, आबा दर वेळी "गेलं!" म्हणत होते, गडी काम सोडून टाळ्या देत होते. आणि मला इतका आनंद झाला होता की मी फासे टाकायचे विसरत होतो. शेवटी डोंगरावर माझा एक निशाणवाला उरला. आबांनी हात त्याच्यावर आणला आणि तिथंच धरला. तो थरथरत होता आणि आबांनी तो लपवला नाही.

"तह करू, डॉक्टर."

मी हात जोडले. तहाची कलमं त्यांनी सांगितली. मोगलांची फौज त्यांच्या शेडमध्येच राहणार. अमावास्येला यायचं ते मी यायचं, इंदापूरला, त्यांच्या टेबलावर. मी सगळं मान्य केलं. त्यांनी गाडीपर्यंत पेटी स्वतः आणली, डाव्या बगलेत धरून, आणि सीटवर ठेवली. दार लावायच्या आधी वाकून म्हणाले,

"गोळ्या चालू हायत, पर ह्यो हात काय थांबायचा न्हाय. पुढच्या वेळंला आणखी हालंल." आणि मग, "तुमी माणसं जादा घिऊन या."